वसंताच्या अफवा

कॅनडात वसंत ऋतू एकदम येत नाही. आधी त्याच्या अफवा येतात.

पहिली अफवा आपल्याच स्वयंपाकघराच्या भिंतीवर टांगलेली असते. टोरंटोच्या आसपासच्या मराठी घरांत कुणीतरी येताना सामानातून कालनिर्णय आणलेलं असतं, आणि त्यात माघ शुद्ध पंचमीच्या चौकोनात ‘वसंत पंचमी’ असं बेधडक छापलेलं असतं. त्या दिवशी खिडकीबाहेर उणे अठरा. वारा धरला तर उणे सत्तावीस. इथे तापमानं दोन सांगतात, एक असलेलं आणि एक वाटणारं. असलेल्याची चौकशी कोणी करत नाही. बायकोला सरस्वतीच्या फोटोला पिवळं फूल हवं असतं. मी दुकानातून शेवंती घेतो आणि दारापासून गाडीपर्यंत ती कोटाच्या आत छातीशी धरून धावतो. पाहणाऱ्याला वाटावं, पैसे न देता पळतोय. पण उघड्यावर नेली तर गाडीशी पोहोचेपर्यंत तिची भाजी होते.

दुसरी अफवा २ फेब्रुवारीला येते, तीही समारंभपूर्वक. ऑंटेरिओत जॉर्जियन उपसागराच्या काठी वायर्टन नावाचं गाव आहे. तिथे विली नावाचा एक ग्राउंडहॉग असतो. हा प्राणी कुळाने खारीतला आणि अंगाने घुशीतला. त्या सकाळी त्याला थंडीत बाहेर काढतात. त्याला स्वतःची सावली दिसली तर हिवाळा आणखी सहा आठवडे, नाही दिसली तर वसंत लवकर, असा निकाल महापौर जाहीर करतात आणि तो देशभरच्या बातम्यांत येतो. हवामान खात्याचे उपग्रह वर फिरतच असतात, त्यांना त्या दिवशी कोणी विचारत नाही.

या सोहळ्याचा इतिहास मला फार आवडतो. १९५६ साली तो सुरू झाला तेव्हा त्यात ग्राउंडहॉगच नव्हता. गावातल्या एका गृहस्थाने मित्रांना पार्टीला बोलावण्यासाठी ही थाप मारली होती. टोरंटोहून एक बातमीदार ती खरी समजून येऊन थडकला, तेव्हा यजमानाने बायकोची केसाळ टोपी बर्फात फेकली आणि तिचाच फोटो छापून आला. पुढे खरा प्राणी आणला. १९९९ मध्ये तो ऐन सोहळ्याच्या तोंडावर वारला, तर शवपेटीत पंजांत गाजर दिलेला विली लोकांच्या दर्शनाला ठेवला. तो पेंढा भरलेला दुसराच होता, हे मागाहून कळलं. २०२१ मध्ये पुन्हा विली नव्हता, पुन्हा टोपी फेकली. २०२३ मध्ये शेजारच्या क्युबेकमधला फ्रेड नावाचा ग्राउंडहॉग सोहळ्याआधीच मेलेला सापडला, तेव्हा एका लहान मुलाने कापडी ग्राउंडहॉग उचलून धरला आणि भविष्य ठरल्या वेळी झालं. भविष्य सांगणारा जिवंत असावा, अशी अट इथे नाही.

शिवाय २ फेब्रुवारीपासून सहा आठवडे मोजले तर १६ मार्च येतो. १६ मार्चला ऑंटेरिओत वसंत आलाय असं ज्याला वाटतं, तो आदल्या दिवशीच विमानतळावर उतरलेला असतो.

याच सुमाराला देशाच्या दुसऱ्या टोकाला, पॅसिफिकच्या काठावरच्या व्हिक्टोरियात, लोक फुलं मोजायला बसतात. तिथला हिवाळा मवाळ. फेब्रुवारी-मार्चमध्येच झाडं फुलायला लागतात. प्रत्येकाने आपल्या अंगणातली फुलं अंदाजे मोजून आकडा कळवायचा आणि गावाने बेरीज जाहीर करायची, असा हा उपक्रम १९७६ पासून चालू आहे. बेरीज अब्जांत जाते. हेतू वनस्पतिशास्त्राचा नाही. उरलेला कॅनडा हातात फावडं घेऊन उभा असताना त्याला ती बेरीज ऐकवायची, एवढाच आहे. इतका निर्मळ, निरपेक्ष खवचटपणा मी पुण्याबाहेर प्रथमच पाहिला.

आमच्या उपनगरात मात्र तेव्हा मोजण्यासारखं काही नसतं. शेजाऱ्यांशी शेवटचं बोलणं नोव्हेंबरात झालेलं असतं. त्यानंतर पाच महिने शेजारी म्हणजे एक फुगलेला कोट, जो लांबून हात वर करतो. आत कोण आहे ते कोटाच्या रंगावरून ओळखायचं. एका वर्षी समोरच्या पंजाबी काकांनी सेलमध्ये नवा कोट घेतला, तर मार्चपर्यंत आमच्या घरात ‘समोर भाडेकरू आलेत वाटतं’ अशी चर्चा होती. बोलायची एकच संधी असते, बर्फ उपसताना. आणि तेव्हा बोलण्याइतका श्वास कोणाकडे उरलेला नसतो. ड्राइव्हवे साफ करून, कंबर धरून, आत येऊन चहा टाकावा, तोच बर्फाचा नांगर गडगडत येतो, रस्ता लख्ख करतो आणि रस्त्यावरचा सगळा बर्फ आपल्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बांध घालून पुढे जातो. चहा निवत ठेवून पुन्हा बूट.

मार्चमध्ये हे सगळं वितळायला लागतं. बर्फ वितळला की खालून हिरवळ निघते असं ज्यांना वाटतं, त्यांनी बर्फ चित्रातच पाहिलेला असतो. खालून आधी नोव्हेंबर निघतो. तेव्हा न उचललेली पानं, कॉफीचे कागदी पेले, नाताळच्या दिव्यांची तुटकी माळ, फावड्याचा तुकडा, जिची एव्हाना दुसरी प्रत घेऊन झाली आहे ती किल्ली, आणि हातमोजे. हातमोजे नेहमी एकेकटे आणि बहुधा डाव्या हाताचे. कुत्रेवाल्यांनी अंधाराचा फायदा घेऊन पाच महिने जे उचललं नाही, तेही निघतं. त्यावर पाऊस पडतो. या दिवसांत जो वास सुटतो त्याला कोणी मृद्‌गंध म्हणेल तर म्हणो.

पण पारा दहावर जातो आणि गल्ली वेडी होते. नोव्हेंबरात याच दहा अंशांना लोक कानटोप्या काढतात. मार्चमध्ये त्याच दहा अंशांना अर्ध्या चड्ड्या घालून, उरलेल्या बर्फाच्या ढिगाऱ्याशेजारी बार्बेक्यू पेटवतात. पुण्यात दहा अंशांना ‘पुणे गारठले’ असा मथळा येतो आणि अख्खी सदाशिव पेठ माकडटोपीत शिरते. त्याच आकड्याला इथला पोरगा आइस्क्रीम खात स्केटबोर्डवरून जातो. अंश तेच असतात, आधी काय सोसलंय त्यावर सगळं असतं.

अशा एखाद्या दिवशी पहिलं फूल येतं.

आमच्या गल्लीत ते दरवर्षी कोपऱ्यावरच्या पोलिश आजींच्या अंगणात येतं. स्नोड्रॉप. बोटभर उंच, पांढरं, मान खाली घातलेलं. पांढऱ्या बर्फात पांढरं फूल उगवायचं, हे ज्याने ठरवलं त्याला प्रसिद्धीची अजिबात हाव नसावी. या पठ्ठ्याच्या अंगात गोठू न देणारी प्रथिनं असतात. गाडीत ज्या कामासाठी आपण पैसे देऊन द्रव ओततो, ते काम हा अंगातल्या अंगात करतो. कडाक्याच्या रात्री आडवा पडतो. आपण म्हणावं, आटोपलं. आणि ऊन आलं की पुन्हा उभा. पण त्याचं खरं देखणेपण, आतल्या पाकळ्यांवरची हिरवी खूण, ही खालून बघितल्याशिवाय दिसत नाही. म्हणजे आधी गुडघे टेकायचे, मग कोपर, मग गाल जवळजवळ चिखलाला लावून वर बघायचं. इंग्लंडात या फुलाचे षौकीन आहेत, ते या आसनात तासन्‌तास राहतात आणि एकाची हिरवी खूण दुसऱ्याच्या हिरव्या खुणेपेक्षा कशी निराळी, यावर वाद घालतात. २०१५ मध्ये तिथे ‘गोल्डन फ्लीस’ नावाच्या स्नोड्रॉपचा एक कंद १३९० पौंडांना गेला. त्या वेळच्या भावाने सव्वा लाखाच्या वर. एक कंद. आमच्या सांगलीत त्या पैशांत कांद्याचा ट्रक आला असता.

आजींचा स्नोड्रॉप उगवला की बातमी गल्लीभर होते आणि पाच महिन्यांनी कोटांतून माणसं बाहेर येतात. सगळे त्या कोपऱ्यावर ओणवे होतात. कोणाला कंबरदुखी आहे, कोणाचा गुडघा बदललाय, हे तिथेच कळतं. पंजाबी काका वाकू शकत नाहीत, ते फोन खाली धरून फोटो काढतात आणि मग आरामात उभे राहून फूल बघतात. हिवाळ्यात कोणाकडे बाळ झालं, कोणाची नोकरी गेली, कोणाची आई गेली, या सगळ्या बातम्या त्या बोटभर फुलाच्या साक्षीने दिल्या-घेतल्या जातात. फुलाकडे फार तर दोन मिनिटं लक्ष असतं.

मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मात्र एवढी उदारता नाही. तिथे स्पर्धा आहे. ‘आमच्याकडे आलं!’ असा संदेश आणि जांभळ्या क्रोकसचा फोटो पहिल्यांदा जो टाकेल, तो त्या वर्षीचा मानकरी. मग उलटतपासणी सुरू. फोटो यंदाचा कशावरून? मागे बर्फ का दिसत नाही? एका सभासदाकडे दरवर्षी सगळ्यांच्या आधी फूल येतं, आणि त्यामागचं रहस्य एका सिव्हिल इंजिनिअरने शोधून काढलं. त्यांचे क्रोकस दक्षिणेकडच्या भिंतीला चिकटून लावलेत. भिंत ऊन खाते, शिवाय तळघराचं इन्सुलेशन इतकं भिकार आहे की घरातली अर्धी ऊब त्या मातीत जाते. ‘हे फूल नैसर्गिक नाही, याचं गॅसचं बिल येतं,’ असा निवाडा झाला. त्या सभासदाने इन्सुलेशन दुरुस्त करून घेतलेलं नाही. पहिलेपणासाठी माणूस थंडीत कुडकुडेल, हे मी स्वतः पाहतो आहे.

याच ग्रुपवर दरवर्षी एक काकू विचारतात, ‘यातून केशर निघतं ना हो?’ निघत नाही. केशराचा क्रोकस निराळा, तो शरद ऋतूत फुलतो. हे दरवर्षी सांगितलं जातं. तरी काकू आपल्या क्रोकसमधल्या केशरी काड्या चिमट्याने काढून, सुकवून, श्रीखंडात घालतात आणि श्रीखंड मंडळात आणतात. आम्ही चक्क्याचं कौतुक करतो.

हा ग्रुप एकदा फुटण्याच्या बेतात आला होता, तो स्कंक कॅबेजवरून. एका जीवशास्त्राच्या प्राध्यापकांनी पाणथळ जंगलातला फोटो टाकला आणि ऑंटेरिओतलं पहिलं फूल म्हणजे हेच, बाकी सगळे परदेशी कंद, असं जाहीर केलं. वस्तुस्थिती त्यांच्या बाजूने आहे. ही वनस्पती आपल्या फुलोऱ्यात स्वतः उष्णता तयार करते, भोवतीच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी आणि कधी त्याहूनही जास्त, आणि बर्फ वितळवून वर येते. पण रंग कुजल्या मांसाचा आणि वासही त्याच जातीचा, कारण तिला मधमाशांची नव्हे, माश्यांची ओढ. वसंताचं स्वागत म्हणून आपल्याला काय बघायचं असतं, हे तेव्हा स्पष्ट झालं. प्राध्यापकांना कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

क्रोकस आणि ट्यूलिपचे कंद ऑक्टोबरात, जमीन गोठायच्या आत पुरावे लागतात. पुरणाऱ्याच्या मागे कुंपणावर खार बसलेली असते आणि ती लक्ष देऊन बघते. माणूस हात धुवायला आत गेला की ती उकरते. डॅफोडिलला ती तोंड लावत नाही, तो विषारी आहे. ट्यूलिप म्हणजे तिची बर्फी. इथले लोक कोंबडीखत टाकतात, वर तारेची जाळी ठोकतात, लाल तिखट भुरभुरतात. त्यांचं तिखट ते काय! माझ्या बायकोने एका वर्षी माहेरचं कांदा-लसूण मसाल्याचं पाकीट अंगणात रिकामं केलं. खार आली, हुंगली, शिंकली, झाडावर गेली. दुसऱ्या दिवशी परत आली आणि खाऊन गेली. चौथ्या दिवशी कंद संपले. आता ती शेजारच्यांचे मिळमिळीत कंद सोडून आमच्याकडेच येते.

गंमत अशी की ज्या हिवाळ्याला आपण पाच महिने शिव्या घालतो, तो या कंदांना हवाच असतो. बारा ते सोळा आठवडे चांगली थंडी खाल्ली नाही तर ट्यूलिप फुलत नाही. माझ्या पुण्यातल्या मेहुण्याने हे वाचून कंद मागवले आणि फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात ठेवले. त्या कप्प्यात सफरचंदं ठेवायची नसतात, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीनने कळी आतच मरते. म्हणून तीन महिने त्या घरात सफरचंद आलं नाही आणि पाहुण्यांना फ्रिज उघडायची बंदी होती. एक ट्यूलिप फुलला. तिसऱ्या दिवशी त्याने पुण्याचं ऊन बघून मान टाकली. मेहुण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो अजून त्याचाच आहे, बायको-मुलांचा गेला.

अफवांचा खरा कळस होतो पाडव्याला. पंचांगाप्रमाणे चैत्र, नवी पालवी, कोकिळा. २०२५ मध्ये पाडवा ३० मार्चला आला आणि नेमक्या त्याच शनिवार-रविवारी ऑंटेरिओच्या मध्य भागात बर्फाळ पावसाने धुमाकूळ घातला. ओरिलिया, पीटरबरोच्या बाजूला झाडं काचेत बसवल्यासारखी झाली, फांद्या तुटल्या, लाखो घरांची वीज गेली. आमच्याकडे नुसताच गार पाऊस होता, तरी गुढी उभारताना तांब्या हाताला चिकटत होता. कडुनिंब भारतीय दुकानात पिशवीत मिळाला. आंब्याची पानं प्लॅस्टिकची, ती बारा महिने ताजी असतात. कोकिळेचं काम फोनवर झालं. बाहेर एका फांदीला पालवी नव्हती, आणि आम्ही एकमेकांना नववर्षाच्या शुभेच्छा देत होतो.

पाडव्यानंतर थोड्या दिवसांनी आई आली. सांगलीत पारा चाळिशीकडे निघालेला. ती इथे उतरली ती दोन स्वेटर, शाल आणि वडिलांची जुनी माकडटोपी अशा बंदोबस्तात. आईबद्दल आधीच सांगायला हवं की ती फुलं तोडणारी आहे. सांगलीच्या आमच्या कॉलनीत पहाटे साडेपाचला निघणारी ही एक स्वतंत्र जमात आहे. एका हातात प्लॅस्टिकची पिशवी, दुसऱ्या हातात आकडी. त्यांचे कायदे ठरलेले: कुंपणाबाहेर आलेली फांदी सार्वजनिक, कुंपणाच्या आतली, पण हात पोहोचेल अशी, देवाची, आणि मालक खिडकीत आला तर ‘काय म्हणते तब्येत?’ म्हणायचं. मालकही काही बोलत नाही, कारण तो नुकताच शेजारच्या गल्लीतून जास्वंद घेऊन परतलेला असतो. आपल्याकडे फूल बघायचं नसतं, तोडायचं असतं. फाल्गुनात पळस-पांगारा अख्खे डोंगर पेटवतात, त्यांच्यासमोर कोणी गुडघे टेकलेत? एसटीच्या खिडकीतून ‘पळस फुललाय बघ’ एवढं म्हटलं, की झालं स्वागत.

विमानप्रवासाने आईची झोप उलटी झाली होती. तिला पहाटे चारला जाग आली, उजाडल्यावर ती बाहेर पडली आणि आम्ही उठलो तेव्हा पूजा आटोपलेली होती. देव्हाऱ्यात बाळकृष्णाच्या पायाशी जांभळे क्रोकस. अन्नपूर्णेला पिवळा. गणपतीला लाल न मिळाल्याबद्दल दिलगिरी म्हणून दोन पांढरे. ‘गोकर्णाच्या जवळपासचं काहीतरी आहे,’ आई म्हणाली, ‘पण देठच नाही मेल्यांना. आणि एवढ्या मोठ्या गल्लीत एकाच घरी फुलं. बाकीचे करतात काय सकाळचे?’

पोलिश आजींच्या कोपऱ्यावरचे ते यंदाचे पहिले क्रोकस. आदल्या संध्याकाळी अख्खी गल्ली त्यांच्यासमोर ओणवी होती.

आजींना तपास करायला वेळ लागला नाही. ओल्या चिखलात ठसे होते, आणि थंडीत मोज्यांवर अंगठ्याची चप्पल घालणारी बाई आमच्याखेरीज कोणाकडे आलेली नव्हती. नऊ वाजता त्या दारात उभ्या. मी तोंड उघडायच्या आत आई पुढे झाली आणि मराठीत म्हणाली, ‘या, या, आत या, चहा टाकते.’ आजींना त्यातला चहा कळला. त्या आत आल्या. देव्हाऱ्यात निरांजन तेवत होतं. त्यांनी आपले क्रोकस बघितले, कोणापुढे आहेत ते बघितलं, स्वतःवर क्रुसाची खूण केली आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, ‘देवासाठी असेल तर ठीक आहे. पण पुढच्या वेळी देवाने आधी विचारावं.’

त्यानंतर आईवर फूलबंदी आली. ‘जरा बाहेर बघ, आख्खं अंगण मोकळं, आणि देवाला विकतचं फूल,’ असं ती सुनेला रोज ऐकवायची. फूल तोडायचं नाही, मग नुसतं त्याच्यासमोर उभं राहून लोक करतात काय, हा तिचा प्रश्न होता. तिने दोन-तीन संध्याकाळी कोपऱ्यावर जाऊन, इतरांच्यात उभं राहून, तेही करून पाहिलं. ‘बरं वाटतं,’ म्हणाली, ‘पण हात शिवशिवतात.’

मग एप्रिलात बर्फ पडला. तो पडतोच. दुपारी आकाश शिशासारखं झालं आणि पंजाबी काकांनी नुकतीच तळघरात ठेवलेली फावडी परत वर आणली. खरं तर क्रोकसला एवढ्यातेवढ्या बर्फाचं काही वाटत नाही. तो मिटून घेतो आणि थांबतो. हे सगळ्यांना माहीत असतं. तरी त्या संध्याकाळी गल्लीभर माणसं फुलांवर काहीबाही पांघरत होती: जुन्या चादरी, बादल्या, एकाने तर मुलाचं सायकलचं हेल्मेट. पोलिश आजी दह्याचे रिकामे डबे घेऊन बाहेर आल्या. तेवढ्यात आमच्या घरातूनही आई तसाच ढीग घेऊन निघाली, कारण दह्याचा डबा फेकायचा नसतो, हे तिला आल्या दिवसापासून सुनेला शिकवायचं होतं आणि सून आधीच शिकलेली निघाली होती. दोघी बर्फात बसून, एकमेकींच्या बोलण्यातलं अक्षरही न समजता, कोणता डबा कोणत्या फुलाला बसतो यावर वाद घालत होत्या. डबे पुरले नाहीत. शेवटच्या झुपक्यावर वडिलांची माकडटोपी बसली.

एप्रिलच्या शेवटी टोरंटोच्या हाय पार्कात चेरी फुलते. १९५९ मध्ये टोकियोच्या नागरिकांतर्फे जपानच्या राजदूतांनी ती झाडं शहराला दिली. युद्धानंतर विस्थापित जपानी-कॅनेडियन लोकांना टोरंटोने सामावून घेतल्याची ही परतफेड. कारण फार सुंदर, झाडं फार सुंदर, आणि खाली एवढी गर्दी की फूल बघण्यासाठी आषाढीला पंढरपुरात उभं राहायचा सराव हवा. नऊवारीतल्या नवऱ्या, त्यांच्यामागे पांढरा कपडा धरून उभा असलेला फोटोग्राफरचा पोऱ्या. आईने तिथे फांदीकडे नुसतं वर बघितलं, तर बायकोने तिचा हात धरून ठेवला.

आणि मे महिन्यात डँडेलियन आले.

याचं स्वागत करायला कोणी गुडघे टेकत नाही. टेकलेच तर हातात खुरपं असतं. ऑंटेरिओत नुसत्या शोभेसाठी हिरवळीवर तणनाशक मारायला २००९ पासून बंदी आहे, त्यामुळे या फुलाला रान मोकळं. महिन्यापूर्वी एका जांभळ्या ठिपक्यासाठी ज्यांचे डोळे पाणावले होते, ते आता सोन्यासारख्या पिवळ्या झालेल्या आपल्या अंगणाकडे बघून शिव्या देत होते. बिचाऱ्या फुलाचा दोष एवढाच की ते भरपूर येतं आणि विकत घ्यावं लागत नाही.

आई दारात उभी राहून बघत राहिली. ‘ही कोणाची?’

‘कोणाची नाहीत. तण आहे.’

‘तोडली तर चालतील?’

मी समोर विचारायला गेलो. पंजाबी काकांनी दोन्ही हात जोडले आणि म्हणाले, ‘माताजींना सांगा, सगळी न्या. मुळासकट न्या.’ बातमी पसरली. डावीकडच्यांनी बोलावलं, उजवीकडच्यांनी बोलावलं, ज्या घराशी पाच वर्षांत आमचा शब्द नव्हता त्यांनी कुंपणाचं दार उघडून ठेवलं. आईने पानं चुरडून हुंगली आणि ही पाथरीची बहीण आहे असं जाहीर केलं. लसणाची फोडणी आणि दाण्याचं कूट घालून तिची भाजी झाली. एक वाडगा, म्हणजे दह्याचा डबा, कोपऱ्यावर गेला. तिसऱ्या दिवशी आजींनी डबा परत केला तो रिकामा नाही. आत फुलं साखरेत शिजवून केलेला पिवळाधमक पाक होता, पोलंडात तो करतातच. आईने तो पोळीला लावून खाल्ला आणि मधात भेसळ नाही, असा दाखला दिला.

आता अडचण एकच. डँडेलियन रात्री मिटतं आणि चांगलं ऊन वर आल्याशिवाय उघडत नाही. पहाटे साडेपाचला गेलं तर हाती नुसत्या हिरव्या गुठळ्या लागतात. त्यामुळे आई हल्ली सकाळी दहाला निघते, भर उजेडात, रस्त्याच्या मधून, हातात पिशवी मिरवत. लोक खिडकीतून हात करतात, आमच्याही अंगणात या म्हणतात. देव्हारा पिवळा झालाय, गुरुवारी दत्ताला हार असतो, तरी तिचं समाधान नाही.

‘अशी बोलावून दिलेली फुलं,’ ती म्हणते, ‘देवाला वाहिल्यासारखी वाटतच नाहीत रे.’